संत लुई मार्टिन : मनोरुग्णालयातील तीन वर्षे

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई आणि संत झेली मार्टिन या दांपत्याचा सण साजरा करते. लिझ्यूची संत तेरेजा, आपणा सर्वांची लाडकी 'लिटल फ्लॉवर', हिचे हे मातापिता. त्यांच्याविषयी प्रवचनांतून आपण पुष्कळ ऐकलेले असते : त्यांचा श्रद्धावंत संसार, नऊ अपत्ये, त्यांपैकी चौघांचे बालपणीच झालेले निधन, उरलेल्या पाचही मुलींनी पत्करलेले व्रतस्थ जीवन. मात्र लुई मार्टिन यांच्या आयुष्यातील अखेरची सात वर्षे बहुधा एकाच वाक्यात उरकली जातात. आजारपणात त्यांनी फार सोसले, एवढे म्हणून वक्ता पुढे जातो. तो आजार कोणता, हे सांगितले जात नाही. तो मेंदूचा आणि मनाचा आजार होता. त्या आजारपणातील तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लुई यांनी मनोरुग्णालयात काढला. त्या काळी लोक अशा जागेला सरळ वेड्यांचे इस्पितळ म्हणत.

हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. आपल्या धर्मग्रामांत कुणाला मधुमेह झाला, कुणाच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची असली, तर मिस्सामध्ये त्या व्यक्तीसाठी नावानिशी प्रार्थना होते. आजार मनाचा असला की तीच प्रार्थना 'विशेष हेतू' या शब्दांआड जाते. पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार लोटून घेतले जाते. अशा घरांना, त्यांतील रुग्णांना आणि त्यांची अहोरात्र सेवा करणाऱ्यांना लुई मार्टिन यांची ही जीवनकथा ठाऊक असावी, असे आम्हास वाटते.

लुई यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहरी झाला. वडील सैन्यात कप्तान होते. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत हे कुटुंब अखेर नॉर्मंडी प्रांतातील आलाँसों या गावी स्थिरावले. लुई यांनी सैन्याचा मार्ग न धरता घड्याळजीचे कसब आत्मसात केले. स्वभावाने ते मितभाषी, एकांतप्रिय. १८४५ साली त्यांनी आल्प्स पर्वतावरील ग्रेट सेंट बर्नार्ड मठात प्रवेश मागितला. लॅटिन भाषा शिकल्यावाचून प्रवेश देता येणार नाही, असे मठाधिकाऱ्यांनी सांगितले. लुई यांनी काही काळ शिकवणी लावली, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि तो बेत सोडावा लागला. १८५० साली त्यांनी आलाँसों येथे स्वतःचे दुकान थाटले. रविवारी ते दुकान कटाक्षाने बंद ठेवीत, आणि त्यामुळे हितचिंतकांकडून चार शब्दही ऐकून घेत. गळ टाकून मासे पकडण्याचा त्यांना मोठा छंद होता. गळाला लागलेले मासे ते संत क्लाराच्या संघातील धर्मभगिनींच्या मठात पोहोचते करीत.

१३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री लुई यांचा विवाह झेली गेरां हिच्याशी झाला. झेली ही आलाँसोंची प्रसिद्ध लेस विणणारी कुशल कारागीर होती. तिचा व्यवसाय इतका वाढला की, १८७० साली लुई यांनी घड्याळांचे दुकान भाच्याला विकले आणि ते पत्नीच्या धंद्याचा हिशेब व विक्री पाहू लागले. पत्नीच्या कामात असा हातभार लावणारा पती त्या काळी विरळाच. मात्र हे सुख फार काळ टिकले नाही. झेलीला स्तनाचा कर्करोग जडला. १८७७ च्या जून महिन्यात ती लूर्दच्या यात्रेला जाऊन आली, पण गुण आला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती देवाघरी गेली. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

पाच मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून लुई यांनी आयुष्यभराचे गाव सोडले. लिझ्यू येथे झेलीचे बंधू इसिदोर गेरां यांचे औषधांचे दुकान होते. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात मार्टिन कुटुंब तेथील 'ले ब्युइसोने' नावाच्या घरात राहावयास आले. आपल्या मित्रपरिवारापासून आणि पत्नीच्या कबरीपासून दूर जाणे चोपन्न वर्षांच्या माणसाला सोपे गेले नसणार. पण पुढे जे घडले ते पाहता, या स्थलांतराने सर्वाधिक भले कुणाचे झाले असेल तर ते स्वतः लुई यांचेच. संकट आले तेव्हा हाकेच्या अंतरावर माणसे होती.

त्यानंतर एकेक मुलगी घर सोडू लागली. १८८२ साली पोलिन कार्मेल मठात गेली, १८८६ साली थोरली मारी गेली. मधल्या लेओनीचेही मठात जाणे-येणे सुरू होते. १ मे १८८७ रोजी लुई यांना पक्षाघाताचा पहिला झटका आला. त्यातून ते सावरले. त्याच महिन्याच्या अखेरीस, पवित्र आत्म्याच्या सणादिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजाने बागेत त्यांच्याजवळ बसून कार्मेलमध्ये जाण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तेरेजा आणि सेलिन यांना घेऊन ते रोमच्या यात्रेलाही जाऊन आले. ९ एप्रिल १८८८ रोजी तेरेजाने मठात पाऊल ठेवले.

नंतरच्या काही आठवड्यांतच लुई यांच्या वागण्यात पालट दिसू लागला. त्यांना विसर पडू लागला. मन भरकटू लागले. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याचा हा विकार होता, असे आज मानले जाते. वृद्धापकाळी येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा हा एक प्रकार. २३ जून १८८८ रोजी ते कुणालाही न सांगता घरातून निघून गेले. चार दिवस घरच्यांच्या जिवात जीव नव्हता. मग ल हाव्र या बंदराच्या शहरातून पैसे मागवणारा निरोप आला. त्या धाग्यावरून सेलिन आणि मामा शोध घेत तेथे पोहोचले आणि २७ जून रोजी टपाल कचेरीत लुई त्यांना सापडले. कुठेतरी दूर एकांतात जाऊन तपस्व्यासारखे राहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. तरुणपणी ज्या मठाचे दार बंद झाले होते, त्याचीच ओढ भ्रमाच्या वाटेने परत आली असावी काय? आम्हास तसे वाटते.

ज्यांच्या घरातील वृद्ध माणूस असा एकाएकी निघून गेला आहे, त्यांना त्या चार दिवसांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

वर्षअखेरपर्यंत कधी बरे, कधी वाईट असे चालले. १० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाचा वस्त्रग्रहण विधी झाला, तेव्हा लुई यांची प्रकृती इतकी उत्तम होती की त्यांनी स्वतः लेकीला हाताला धरून वेदीकडे नेले. महिन्याभरातच त्यांना भयंकर भास होऊ लागले. आपल्या भोवती लढाई पेटली आहे, तोफा धडाडत आहेत, असे त्यांना वाटे. एके दिवशी मुलींच्या रक्षणासाठी म्हणून त्यांनी पिस्तूल हाती घेतले. इसिदोर मामांनी ते कौशल्याने काढून घेतले. डॉक्टरांनी सांगितले की, रुग्णाला घरी ठेवणे आता कुणाच्याच हिताचे नाही. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी लुई मार्टिन यांना काँ या शहरातील 'बों सोव्हर' रुग्णालयात दाखल करण्यात आले. 'बों सोव्हर' म्हणजे उत्तम तारणारा. धर्मभगिनींनी चालवलेली ही संस्था धन्य पियेर-फ्रान्स्वा जामे या धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावारूपाला आणली होती. मनोरुग्णांना साखळदंडांत न ठेवता माणुसकीने वागवावे, या विचाराने तेथे काम चाले.

इसिदोर मामांच्या या निर्णयाबद्दल तेव्हा लोकांनी नावे ठेवली, आजही कुणी ठेवील. मेहुण्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले! आमच्या मते मामांनी योग्य तेच केले. घरात दोन तरुण मुली, भरलेले शस्त्र आणि भ्रमात असलेला रुग्ण. अशा प्रसंगी डॉक्टरांचा शब्द मानण्यात प्रेमाची उणीव नव्हती. मामांनी रुग्णाला तेथे ठेवले खरे, पण सोडून दिले नाही. तीन वर्षांनंतर लुई यांना परत आणणारे तेच होते.

लुई यांना आपण कोठे आहोत हे कळत होते. त्यांच्या आजाराचे हेच स्वरूप होते. काही दिवस मन पूर्णपणे झाकोळलेले असे, काही दिवस लख्ख उघडलेले. अशा एका निरभ्र दिवशी त्यांनी डॉक्टरांना सांगितले की, आजवर आपण नेहमी आज्ञा देत आलो, आता आज्ञा पाळण्याची वेळ आली आहे. आयुष्यात कधी अपमान वाट्याला आला नव्हता, तो एक तरी यावयास हवा होता, असेही ते म्हणाले. प्रकृती साथ देई तेव्हा ते प्रार्थनामंदिरात जात, ख्रिस्तप्रसाद घेत. खाऊ म्हणून कुणी काही आणले तर ते इतर रुग्णांना वाटून टाकत. रुग्णाची सेवा करणाऱ्या भगिनींना त्यांच्याविषयी आदर वाटे.

तरीही त्या दिवसांना उगाच गोड रंग देणे बरोबर होणार नाही. १८८९ च्या जून महिन्यात आपल्या मालमत्तेचा कारभार सोडून देत असल्याच्या कागदावर त्यांची सही घेण्यात आली. मिळकतीची हेळसांड होऊ नये म्हणून तसे करणे भाग होते. पण त्या वेळी लुई यांचे मन जागे होते. आपल्या मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही, असे वाटून ते रडले. मनोरुग्णाला काही कळत नाही असे धरून आपण त्याच्यासमोर बोलतो, सह्या घेतो, निर्णय घेतो. त्याला कळत असते, आणि लागतही असते. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक सोय झाली आहे. पुढे आजार बळावलाच तर आपल्यावर कोणत्या प्रकारे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला आहे. लुई यांच्या काळी असे काही नव्हते.

आता मुलींविषयी. लेओनी पंचवीस वर्षांची, सेलिन एकोणीस वर्षांची. वडिलांना दाखल केल्यानंतर आठवड्याभरातच दोघी काँ शहरी गेल्या आणि तेथे धर्मभगिनींच्या आश्रयाने राहू लागल्या. आठवड्यातून एकदाच भेटीची परवानगी होती. तरीही त्या रोज रुग्णालयाच्या दारात जाऊन बाबांची विचारपूस करीत. सुमारे तीन महिने हा क्रम चालला. पुढे मामांच्या सांगण्यावरून त्या लिझ्यूला परतल्या, मामांच्या घरी राहिल्या आणि तेथून रेल्वेने भेटीस जात राहिल्या. 'ले ब्युइसोने' हे घर त्याच वर्षाच्या अखेरीस सोडून द्यावे लागले.

गावात कुजबुज होतीच. एकामागून एक मुली मठात गेल्या म्हणून बापाला वेड लागले, असे लोक म्हणत. विशेषतः धाकटीच्या जाण्याने त्यांचे मन मोडले, असा ठपका तेरेजावर येई. सोळा वर्षांच्या मुलीला मठाच्या भिंतीआड हे ऐकावे लागले. वडिलांना भेटण्यास जाणे तिला शक्य नव्हते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार मुली मठात गेल्याने होत नाही, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. पण दोष शोधण्याची माणसाची खोड जुनी आहे. कुणी करणी केली म्हणते, कुणी आईबापांचे पाप काढते, कुणी श्रद्धा कमी पडली म्हणते. रुग्णाच्या घरच्यांना आजाराइतकेच या बोलण्याचे ओझे होते.

या मुली कशा तगल्या? त्यांनी आपसांत बोलणे थांबवले नाही, हे आमचे उत्तर. काँ येथून आणि लिझ्यूहून सेलिन मठात पत्रे पाठवी, मठातील तिघी बहिणी उत्तरे लिहीत. तेरेजाची सेलिनला लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत दुःख लपवलेले नाही. याच काळात तेरेजाची येशूच्या पवित्र मुखमंडलावरील भक्ती गाढ झाली. वस्त्रग्रहणाच्या दिवसापासून तिने आपल्या नावात बाळ येशूबरोबर पवित्र मुखमंडलही जोडले. यशया संदेष्ट्याने वर्णिलेला, ज्याच्याकडे पाहून लोक तोंड फिरवतात तो दुःखी सेवक, तिला आपल्या वडिलांमध्ये दिसू लागला. ती लहान असताना, वडील परगावी गेलेले असता, तिला एकदा बागेत डोक्यावरून वस्त्र घेतलेली, वाकून चालणारी त्यांच्यासारखी आकृती दिसली होती. त्या दर्शनाचा अर्थ आता आपल्याला कळला, असे तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केले.

२४ सप्टेंबर १८९० रोजी तेरेजाला काळा बुरखा देण्याचा विधी होता. त्या दिवशी वडिलांना थोडा वेळ आणावे, त्यांचा आशीर्वाद मिळावा, असा सेलिनचा बेत होता. ऐन वेळी मामांनी नकार दिला. रुग्णाला तो ताण झेपणार नाही, अशी त्यांना भीती वाटली. तेरेजा त्या दिवशी रडली, आणि तिने ते लिहूनही ठेवले. संतांना रडू येत नाही असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

तेरेजाची स्वतःची मनोवस्थाही कधी कधी नाजूक झाली होती, हे येथे सांगावयास हवे. १८८३ साली, पोलिन मठात गेल्यानंतर काही महिन्यांनी, दहा वर्षांच्या तेरेजाला भास आणि थरकाप यांचा विचित्र आजार जडला होता. १३ मे १८८३ रोजी पवित्र मारियेच्या मूर्तीवर हास्य उमटल्याचे तिने पाहिले आणि ती त्यातून बरी झाली. पुढे १८९७ साली क्षयाच्या असह्य वेदनांत तिने मठातील भगिनींना एक व्यवहारी सूचना केली : अशा यातना भोगणाऱ्या रुग्णाच्या हाताशी घातक औषधे कधीही ठेवू नका. जीव नकोसा करणारे विचार किती जवळ येतात, हे ती अनुभवाने जाणत होती. ज्यांना आज असे विचार छळतात, त्यांनी ते एकट्याने वाहू नयेत. घरातील माणसाला, धर्मगुरूंना, डॉक्टरांना ते सांगावेत. २०२२ पासून शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

१८९२ च्या वसंत ऋतूत लुई यांचे पाय लुळे पडले. आता ते कोठे निघून जाण्याची भीती उरली नव्हती. १० मे रोजी इसिदोर मामांनी त्यांना लिझ्यूला परत आणले. दोन दिवसांनी त्यांना कार्मेल मठाच्या भेटीच्या खोलीत नेण्यात आले. तेथे त्यांनी आपल्या तीन लेकींना शेवटचे पाहिले. त्यांची वाणी जवळजवळ गेली होती. निरोप घेताना त्यांनी डोळे वर उचलले, बोट आकाशाकडे केले आणि मोठ्या कष्टाने स्वर्गाचे नाव घेतले.

त्यानंतरची दोन वर्षे सेलिनने त्यांना सांभाळले. मामांच्या घराजवळच एक घर भाड्याने घेतले, मदतीस नोकर ठेवले. एकटीने सर्व अंगावर घेण्याचा हट्ट तिने केला नाही, हे आम्हास विशेष वाटते. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या कितीतरी सुना, लेकी आणि पत्नी आपल्याकडे मदत मागणे कमीपणाचे समजून स्वतःच आजारी पडतात. त्या काळातील एक छायाचित्र आज पाहावयास मिळते. त्यात चाकांच्या खुर्चीत लुई बसलेले आहेत आणि त्यांच्याभोवती मुली, मामा-मामींचे कुटुंब, घरचे नोकर असे सारे आहेत. छायाचित्र काढताना कुणी त्यांना आत ठेवले नाही.

उन्हाळ्यात त्यांना एव्ह्रो शहराजवळील ला म्यूस येथे मामांच्या वाड्यावर नेत. तेथेच रविवार दिनांक २९ जुलै १८९४ रोजी लुई मार्टिन यांचे निधन झाले. अंतसमयी सेलिन त्यांच्याजवळ होती. पुढे दीड महिन्याने, १४ सप्टेंबर रोजी, तीही कार्मेलमध्ये दाखल झाली. तेरेजाने आत्मचरित्र लिहिताना वडिलांच्या त्या तीन वर्षांना कलंक म्हटले नाही. आपल्या कुटुंबाला लाभलेली सर्वांत मौल्यवान वर्षे म्हणून तिने त्यांची गणना केली. हे पुस्तक १८९८ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. जी गोष्ट गावात कुजबुजली जात होती, ती लेकीने स्वतःच मानाने सांगून टाकली.

लुई यांच्या संतपदाच्या प्रक्रियेत त्यांचा आजार आड आला नाही. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लुई आणि झेली यांना वंदनीय घोषित केले. १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे त्यांना धन्यवादित करण्यात आले आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक सिनड रोममध्ये चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. वेदीवरील त्या चित्रात मनोरुग्णालयातील तीन वर्षेही आली.

राहता राहिली लेओनी. पाच बहिणींत ती सर्वांत दुबळी समजली जाई. बालपणी तिचे वागणे आवरता येत नसे, शाळेतून तिला परत पाठवले गेले, तीन वेळा मठात जाऊन ती घरी परतली. १८९९ साली ती चौथ्यांदा मठात गेली आणि या वेळी राहिली. हा मठ व्हिजिटेशन संघाचा, काँ येथील, म्हणजे ज्या शहरात ती कधी काळी रोज बाबांची विचारपूस करण्यास रुग्णालयाच्या दारात जात असे, त्याच शहरातला. १९४१ साली तेथेच तिचे निधन झाले. तिच्याही संतपदाची प्रक्रिया २०१५ साली सुरू झाली आहे.